आबांनी निवडलेली राख

पोरगी काय करते, असं नात्यात कुणी विचारलं की आई आवाज खाली आणून सांगायची, "राखेत पीएचडी करते." ऐकणारा हळहळायचा. धुळ्याच्या मामीनं तर एकदा मला बाजूला घेऊन, लग्नाचं कुठं बिनसलं का, म्हणून हळूच विचारलं होतं.

खरं तर माझा विषय खनिज प्रक्रिया. खाणीतून निघालेल्या दगडमातीतून कामाचं तेवढं वेगळं कसं काढायचं, याचं शास्त्र. आता सुरतेत खाण कुठे, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की पुढच्या माणसाला मी चावेन अशी भीती वाटते. सुरतेत खाण नाही, पण कापड रंगवायचे कारखाने आहेत. रंगाला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो, बॉयलरला कोळसा लागतो, आणि त्याची राख रोज ट्रक भरभरून बाहेर जाते. त्या राखेत थोडा कोळसा न जळता तसाच राहतो. तो परत काढायचा, हे माझं संशोधन. आणि माझे वडील, आबा, सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका मिलमध्ये बॉयलरवरच आहेत. सगळे म्हणाले, हिच्या तर घरातच खाण आहे.

आम्ही राहतो भेस्तानला. आबा घरात अहिराणी बोलतात, बाहेर अहिराणी, हिंदी आणि गुजराती एकाच पातेल्यात शिजवतात. बॉयलरवाल्याची अब्रू त्याच्या राखेत असते, हे आमच्या घरात मला बाराखडीच्या आधी शिकवलं गेलं. राख पांढरी, तर कोळसा पुरता जळला आणि माणूस कामाचा. राख काळी, तर शेठचा कोळसा उकिरड्यावर गेला. दुसऱ्या पाळीला अमरावतीकडचे एक काका आहेत. त्यांचा विषय निघाला की आबा एवढंच म्हणायचे, "त्यानी राख कायी, मनी राख धवयी." त्याची काळी, माझी पांढरी. पुढे जेवण होईपर्यंत तोच विषय चालायचा.

मी राख मागितली तेव्हा आबांना सगळं नीट समजावून सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली होती. पण त्यांनी ऐकलं ते एवढंच, की आपली राख कॉलेजात जाणार, मोठमोठे साहेब ती बघणार. आठवड्यानं त्यांनी राख आणली ती नव्या कोऱ्या पिशवीत, तोंड शिवून. रुखवतात ठेवली असती तरी चाललं असतं. मी मात्र पिशवी उचलली आणि कॉलेजला नेली, आत काय आहे याचा विचारसुद्धा केला नाही. पुढच्या पिशव्याही तशाच आल्या आणि तशाच गेल्या.

प्रयोगाची रीत साधी आहे. राख दळायची, पाण्यात कालवायची, डिझेलचे चार थेंब आणि फेस येणारं औषध घालायचं, आणि खालून हवा सोडायची. कोळशाला पाणी आवडत नाही. तो बुडबुड्यांना चिकटून वर येतो आणि काळाभोर फेस धरतो. तो फेस खरवडून घ्यायचा. राख तळाशी राहते.

माझा फेस पांढरा यायचा. कपड्याच्या साबणाला येतो तसा, स्वच्छ, सुंदर आणि निरुपयोगी. मी डिझेल वाढवलं, कमी केलं, हवा बदलली, राख अजून बारीक दळली. दळायच्या यंत्राच्या आवाजानं शेजारच्या वर्गातले सर येऊन भांडून गेले, आणि मीही त्यांच्याशी भांडले, कारण तोवर मी कुणाशीही भांडायच्या बेतात होते. पावसाळा गेला, दिवाळी गेली. आमचे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, सभ्य गुजराती गृहस्थ. ते रोज यायचे, फेसात डोकावायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "बेन, आमां कोलसो क्यां छे?" यात कोळसा आहे कुठे? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे मला गुजरातीत सांगता येत नव्हतं.

मग एक दिवस सरांनी बसवून सांगितलं. महिनाअखेरीला समितीपुढे काम दाखवायचं आहे. हाती काही नसेल तर हा विषय बंद होईल, आणि नवा विषय घेऊन पहिल्यापासून सुरुवात करायची की सोडून द्यायचं, ते मी ठरवायचं. त्या दिवशी मी उधना दरवाज्याला रिक्षात बसल्या बसल्या रडले. रिक्षावाल्यानं न विचारता आरसा दुसरीकडे वळवला. भला माणूस.

आणि मग कॉलेजातली वीज गेली. दिवसभर येणार नाही म्हणाले, म्हणून मी दुपारीच घरी आले. दार उघडंच होतं. आत आबा आणि आई समोरासमोर बसले होते. मधे परात, आईच्या हातात सूप, आबांच्या नाकावर चष्मा. तांदळातले खडे निवडावेत तसे दोघं राखेतले काळे खडे निवडत होते. शेजारी ताटलीत कोळशाचा छान ढीग झाला होता. माझा कोळसा. महिनोन् महिने मी ज्याच्या मागे होते तो, ताटलीत.

मी दारातच उभी. आईनं सूप पदराखाली घेतलं. सूप पदराखाली मावत नाही, हे तिला माहीत होतं, पण बाईनं प्रयत्न केला.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

आबा चष्मा काढून म्हणाले, "पोरना हातमा राख देवानी. काही चांगली नको का?"

म्हणजे पोरीच्या हाती राख द्यायची, ती जरा बरी नको का. मला आधी हसू फुटलं की राग आला ते आता सांगता येणार नाही. बहुधा राग, कारण आई सांगते की माझा आवाज खालच्या मजल्यावरच्या मारवाडी काकूंनी ऐकला आणि त्या पाणी घेऊन वर आल्या. मी म्हणाले, अहो आबा, मला तो कोळसाच हवाय, तुम्ही काढून टाकताय तोच. तुमची राख पांढरी असेल तर माझी पदवी गेली. आबांनी ताटलीतला एक खडा उचलून बघितला. मग त्यांनी विचारलं, म्हणजे जितका कोळसा निघेल तितकी तू हुशार? मी म्हटलं, हो. आणि तितका मी नालायक? राग कुठच्या कुठे गेला आणि मला फार वाईट वाटलं. हा हिशोब मी कधी मांडलाच नव्हता.

काकूंनी तेवढ्यात पाणी दिलं म्हणून बरं.

मी तोडगा काढला. दुसऱ्या पाळीची राख आणा, त्या काकांची. ती तुमच्या मते काळीच असते. आबांचा चेहरा एकदम उजळला. एवढ्या शिकलेल्या पोरीला इतका चांगला विचार आधी का सुचला नाही, असं ते आईला दोनदा म्हणाले. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते कामावर गेले.

संध्याकाळी परतले ते जुनं, मळकं पोतं घेऊन. पोत्याला शिलाई नव्हती, सुतळी बांधलेली होती. मी विचारलं, काकांची ना? आबांनी चपला काढल्या, हातपाय धुतले, आणि मग सांगितलं की मागता आली नाही. मागायचं तर कारण सांगावं लागणार. तुझी राख वाईट आहे म्हणून दे, असं बायकापोरं असलेल्या माणसाच्या तोंडावर कसं म्हणायचं? त्यापेक्षा ही माझीच आहे. भट्टीखालून काढली तशी बांधून आणली.

मी म्हटलं, आबा, यात तुमचा दोष नसतो, शेठ ओला, हलका कोळसा घेतो. ते म्हणाले, कोळसा कसाही असो, जाळणारा मी. आणि टीव्ही लावून बसले.

त्या राखेचा फेस असा काळा आला की काजळ म्हणून घालून घ्यावा. मी खरवडत राहिले आणि तो येतच राहिला. सर डोकावले, बोट बुडवून बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला "वाह, बेन" म्हणाले. नंतर ते काळं बोट त्यांच्या कपाळाला लागलं आणि दिवसभर तसंच राहिलं. मी सांगितलं नाही. समितीनं दोन-चार खोचक प्रश्न विचारले आणि पुढे चला म्हणून सांगितलं. मी घरी येऊन आईला मिठी मारली. आबांनी विचारलं, किती निघाला? थोडासा, असं म्हणायला माझं तोंड उघडलं होतं, पण आबांपुढे खोटं टिकत नाही. भरपूर निघाला, मी म्हणाले. त्यांनी "बरं" म्हटलं आणि चहा मागितला.

आईच्या तोंडात तीळ भिजत नाही. भाजीबाजारात तिनं काकांच्या बायकोला सगळं सांगितलं, मोठ्या कौतुकानं, आणि चूक कळली तोवर मेथीची जुडी पिशवीत गेली होती.

पुढच्या आठवड्यात मला अजून एक पोतं हवं होतं, म्हणून आबांची पाळी सुटायच्या वेळी मी मिलच्या फाटकाशी गेले. आबा पोतं खांद्यावर घेऊन येत होते. समोरून काका पाळीला निघालेले, सोबत भट्टीवरचे आणखी दोघंतिघं. काका थांबले. मला बघून हसले आणि आबांना म्हणाले, "काहो भाऊ, पोरीनं म्हन्ते तुमच्या राखीतून लय कोयसा काढला?"

मागचे हसले. माझे कान तापले. आबांनी आयुष्यभर याच माणसापुढे मान ताठ ठेवली होती, आणि ती खाली घालायला लावणारी मी तिथं उभी होते. मी काहीतरी बोलणार होते, कोळशाच्या प्रतीबद्दल, ओलाव्याबद्दल, अगदी इंग्रजी शब्द घालून.

आबांनी पोतं खाली ठेवलं, पाठ सरळ केली.

"काढा ना तिनी," ते म्हणाले. "मनी राखवर पोर डॉक्टर व्हई राह्यनी. तुनी राखमा शे का इतला कोयसा?"