डाव्या हाताचा जिना

अप्पांना श्रीलंकेतलं एक चर्च बघायचं होतं, आणि त्यासाठी मला पेरुंगुडीच्या ऑफिसातून तीन दिवसांची रजा मागावी लागली. मॅनेजरने कारण विचारलं. "वडिलांना चर्चमध्ये न्यायचंय," म्हटल्यावर त्याने माझ्या टिकलीकडे पाहिलं आणि रजा मंजूर केली.

आम्ही तंजावरकडचे मराठी, आता मद्रासच्या वेस्ट मांबलममध्ये राहणारे. पण अप्पांची पहिली चार-पाच वर्षं कोलंबोजवळच्या नेगोंबोत गेली. आजोबा तिथे एका व्यापाऱ्याकडे कारकून होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात बॉम्बची भीती वाढली तेव्हा सगळे परत आले. अप्पांना तिथली एकच गोष्ट आठवायची. चर्चच्या जत्रेत ते हरवले, तेव्हा पाद्रींनी त्यांना आत नेऊन प्रवचनाच्या उंच लाकडी व्यासपीठावर उभं केलं. गर्दीतून आईला दिसावेत म्हणून. आई धावत आली, जिना चढली आणि त्यांना कडेवर घेऊन उतरली.

काका, म्हणजे अप्पांचे थोरले भाऊ, हे साफ खोटं ठरवत. "आईचं सोवळं किती कडक होतं. ती चर्चात पाऊल टाकील? स्वप्न पडलं असेल तुला." प्रत्येक सणाला, पानं वाढलेली असताना, हा वाद मी जन्मापासून ऐकत आले. आजीच्या श्राद्धालासुद्धा तो सुटला नाही. शेवटी अडुसष्टाव्या वर्षी अप्पांनी ठरवलं, जाऊन बघायचं. तिकडची यादवी तेव्हा थांबलेली होती आणि विमान तासा-सव्वातासाचं.

दिवस त्यांनीच निवडला, पंचांग बघून. पौर्णिमा. त्या देशात दर पौर्णिमेला बुद्धाच्या नावाची सुट्टी असते, हे आम्हाला तिथे उतरल्यावर कळलं. दुकानं बंद, आणि रस्त्यांवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं हातात कमळं घेऊन विहारांकडे निघालेली. आमचा ड्रायव्हर सिंहली, थोडं तमिळ बोलणारा. त्याने आम्हाला न विचारताच गाडी एका विहाराशी उभी केली. "आज सगळे इथेच येतात," तो म्हणाला.

"मला चर्च बघायचंय," अप्पा म्हणाले आणि गाडीतून उतरलेच नाहीत. त्याने बिचाऱ्याने उन्हात उभं राहून पुन्हा विचारलं, "कुठलं चर्च?"

तेव्हा मला कळलं की अप्पांना चर्चचं नावच ठाऊक नाही.

"पिवळं आहे. समुद्राजवळ," ते म्हणाले.

"अप्पा, हे तुम्ही मला मद्रासमध्ये का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस कुठे?"

नेगोंबोत वळणावळणावर चर्च आहे आणि निम्मी पिवळी आहेत. पहिलं अप्पांनी दारातूनच नाकारलं. दुसऱ्यात बारसं चाललं होतं आणि अप्पा सरळ मधून चालत पुढे गेले. मी हात जोडून माफी मागत मागे. तिसऱ्याला कुलूप होतं. दोन वाजले, जेवण नाही, आणि अप्पा ड्रायव्हरला त्याच्या तमिळमधल्या चुका सांगत होते. तुम्ही आता गप्प बसा, असं मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना म्हटलं. ते खिडकीबाहेर बघत बसले. मला वाईटही वाटेना, इतकी मी वैतागले होते.

चौथं चर्च खूप जुनं होतं. देखभाल करणारे म्हातारे गृहस्थ बाजूच्या खोलीत जेवत होते, ते हात धुऊन किल्ली घेऊन आले. त्यांचं तमिळ चांगलं होतं, म्हणून अप्पा जरा निवळले. आत थंडगार, आणि भिंतीला लागून उंचावर कोरीव लाकडी व्यासपीठ. जिना उजवीकडे.

"जिना डावीकडे होता," अप्पा म्हणाले. "तुम्ही हलवलाय."

"दोनशे वर्षांत कोणी हात लावलेला नाही," ते गृहस्थ म्हणाले.

"मी इथे उभा राहिलोय. मला सांगता?"

दहा मिनिटं हे चाललं. शेवटी ते गृहस्थही कंटाळले. "वर कोणाला सोडत नाही. पण तुम्ही जा आणि बघून या एकदाचे," ते म्हणाले.

अप्पांच्या गुडघ्यांना त्या आठ पायऱ्या चढायला बराच वेळ लागला. मी खाली हात पसरून उभी. वर पोचल्यावर त्यांनी कठडा धरला, रिकाम्या बाकांकडे पाहिलं, आणि मग सावकाश डावा हात खाली नेला. तिथे जिना होता. अर्थातच होता. वरून बघणाऱ्याला तो डावीकडेच असणार. हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

मग अप्पा एका दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "ती त्या दारातून आली. पायांत काही नव्हतं तिच्या." मी त्या दाराकडे बघितलं. खाली उतरल्यावर त्यांनी त्या गृहस्थांचे दोन्ही हात धरले आणि सोडेनात. त्यांचं जेवण निवत होतं.

घरी आल्यावर आधी काकांना फोन. अप्पांनी सगळं सांगितलं, जिन्यासकट. काका पलीकडून इतक्या मोठ्याने बोलतात की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

"हो, मग? मी तर होतोच तिथे. मीच आईला बोलावून आणलं."

अप्पा रिसीव्हर हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. "हा खोटं बोलतोय," ते म्हणाले. मी सोमवारचा डबा भरायला घेतला.