तरीवरच्या म्हाताऱ्याचं नाव

मालन सरांकडे पोळ्या करायला यायची. मुलुंडच्या त्या सोसायटीत तिची तीन घरं होती आणि शरच्चंद्र सरांचं शेवटचं, म्हणून तिथे तिला बोलायला सवड असे. नवरा जयवंत गिरणीतला. संपानंतर गिरणीने त्याला परत घेतलंच नाही. शहाऐंशी साली मी सरांच्या हाताखाली मानसशास्त्रात एम.ए. करत होते आणि सरांचा शब्द मला ब्रह्मवाक्य होता. तेव्हाची मी आठवली की आजही माझाच मला संताप येतो.

सरांना ध्यास एकाच गोष्टीचा. माणसाच्या मनाच्या तळाशी काही आकृत्या जन्मापासूनच असतात, साऱ्या मानवजातीच्या त्याच: आई, सावली, वाट दाखवणारा म्हातारा. त्यांना ते आदिबंध म्हणत. कुणी शिकवत नाही, कुठे पाहिलेल्या नसतात, तरी स्वप्नात येतात. हे पटवून द्यायला त्यांना एकही पुस्तक न वाचलेलं माणूस हवं होतं. मालनला अक्षरओळख नव्हती. पुस्तक वाचलं नाही म्हणजे डोकं कोरं, अशी आम्हा शिकलेल्यांची समजूत, त्यामुळे सर भलतेच खूश झाले.

ती पोळ्या लाटता लाटता स्वप्नं सांगे आणि मी ओट्याजवळ स्टुलावर बसून उतरवून घेई. एक स्वप्न तिला पुन्हा पुन्हा पडायचं. काळं पाणी, काठावर घोंगडी पांघरलेला म्हातारा, डाव्या खांद्यावर लांब वेळू. तो बोलत नाही, नुसता होडीत बस म्हणून खुणावतो.

हा कोण, असं मीच विचारलं. तिने लाटणं बाजूला ठेवलं. तो तिचा बाप होता, धोंडिराम. मालवणकडच्या खाडीवर होडीने माणसं पार करायचा. होडीच्या अशा फेरीला तिकडे 'तर' म्हणतात. माडावरून पडून उजवा खांदा निकामी झाला, तेव्हापासून वेळू डाव्या खांद्यावर. संपाच्या दिवसांत तो गेला आणि तार इथे पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. हे सांगताना तिने मला दोनदा विचारलं, नाव नीट लिहिलंस ना. मी लिहिलं होतं.

महिन्याभराने घाटकोपरला सरांचं व्याख्यान ठरलं. तुझं स्वप्न मोठ्या लोकांसमोर वाचणार आहे, असं सरांनी तिला सांगितलं. तिला वाटलं, बापाचं नाव मुंबईत चारचौघांत घेतलं जाणार. ज्याला शेवटचं पाहताही आलं नाही, त्याच्यासाठी एवढं तरी होईल. तिने जयवंतलाही यायला लावलं.

आदल्या दिवशी सरांनी माझी वही चाळली आणि बापाचा मजकूर वगळायला सांगितलं. अशा खाजगी तपशिलांनी मुद्दा मळतो, म्हणाले. मी स्वच्छ अक्षरात नवी प्रत काढून दिली. मला तेव्हा वाईट वाटलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. सरांनी माझ्यावर काम सोपवलं, याचाच मला अभिमान वाटत होता.

सर छान बोलले. डावा खांदा म्हणजे मनाची अंधारी बाजू, पाणी म्हणजे नेणीव. आणि मग, या बाईच्या आयुष्यात असा म्हातारा कधीच नव्हता, असं अगदी शांतपणे म्हणाले.

मागच्या रांगेतून मालन उठली. "सर, तो माझो बापूस. धोंडिराम. तुमका सांगितलंय मी. ह्या पोरीन लिवन घेतल्यान."

सभागृह माझ्याकडे वळलं. सर हसले, रागाने नव्हे, कौतुकाने. "पाहिलंत? स्वप्न पाहणाऱ्याला तो नेहमी आपलाच कुणीतरी वाटतो. आदिबंधाची ताकद ती हीच."

लोकांनी माना डोलावल्या. कुणी कुणी तर लिहूनही घेतलं. मालन उभीच होती. मी हो म्हणेन म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली. मी पदराशी चाळा करत खाली बघत राहिले. शेवटी जयवंतने तिचा दंड धरून तिला बाहेर नेलं.

दुसऱ्या दिवसापासून ती सरांकडे आली नाही. सरांना नवी बाई मिळाली. मी तिच्या घरी जायला हवं होतं, गेले नाही.

दिवाळीनंतर सरांचा निबंध एका नियतकालिकात छापून आला. त्यात मालन म्हणजे 'एक निरक्षर स्त्री' आणि धोंडिराम म्हणजे 'तो वृद्ध'. शेवटी आभार मानले होते. तिथे माझं नाव पूर्ण होतं, कु. उत्तरा श्यामसुंदर रेगे, मधे माझ्या बापाच्या नावासकट.