मेजावर पाव ठेवून गेलेली काकू

माझी थोरली काकू बेकरीत भट्टीवर कामाला, आणि स्वभावानेही भट्टीच. नाकावर राग आणि जिभेला हाड नाही. तरी आजारी पडलं की मला आईच्याही आधी तीच हवी असायची. ती यायची, "खिडक्या बंद करून पडलीस, मरायचंय का?" म्हणून ओरडायची, चादर बदलायची, कपाळावर हात ठेवून प्रार्थना करायची आणि आमेन म्हणताच परत ओरडायला लागायची.

तिची खोड एकच. रविवारी चर्चमध्ये बायबलचं जे वचन ऐकलं ते सोमवारपर्यंत करून मोकळं व्हायचं. बाकी आम्ही सगळे वचन ऐकून मान डोलावतो आणि घरी जाऊन जेवतो. एकदा पाळकांनी सांगितलं, दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा. दुसऱ्या दिवशी काकांचा चांगला लोकरीचा कोट बेकरीच्या पहारेकऱ्याच्या अंगावर! काका म्हणाले, "अगं, तुझे दोन होते ना?" तर म्हणते, "माझे त्याला होतील का?" घ्या! काका बिचारे हिवाळाभर शिंकत होते.

एवढं सगळं पाळणारी बाई, पण एका ठिकाणी गाडी अडली होती. धाकट्या काकूशी ती बोलत नव्हती. आजीला पुरलं त्या दिवशी कबरीपाशी, सगळ्या मंडळीदेखत, ती धाकटीला म्हणाली होती, "शेवटचं पाणीसुद्धा पाजलं नाहीस तिला!" धाकटीने आजीचं सगळं केलं होतं, अंथरूण धुण्यापासून. ती तिथूनच घरी गेली आणि त्यानंतर चर्चची पायरी चढली नाही. घर कुठे, तर चर्चच्या मागच्याच गल्लीत. बरीच वर्षं अशीच गेली. "चुकलं" हा शब्द काही थोरलीच्या तोंडून निघेना, आणि त्यापायी आमचं घर दोन घरं झालं. मला तर दोघींचा राग यायचा, कारण मला दोघीही हव्या होत्या.

आमच्याकडे प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत मोडून सगळ्यांना वाटायचा, पाव थोरलीच भाजते, आणि ज्याने भाजला त्यानेच तो मागच्या दारापासून मेजापर्यंत न्यायचा, असा रिवाज आहे. त्या रविवारी ती पांढऱ्या रुमालात पाव घेऊन चालत होती आणि पाळक वाचत होते: अर्पण घेऊन आलात आणि तिथे आठवलं की आपल्या माणसाच्या मनात आपल्याबद्दल काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा.

काकूने पाव मेजावर ठेवला, वळली आणि बाहेर चालू लागली.

पाळकांचं तोंड उघडंच राहिलं. वचन वाचायचं असतं हो, असं भर उपासनेत कोण उठून जातं! काका मला कोपराने ढोसून म्हणाले, "जा बाई मागे, नाहीतर समेट करता करता भांडून येईल."

मी धावतच गेले. धाकटीने दार उघडलं. कमरेला ॲप्रन, हात साबणाने ओले. थोरली एका दमात म्हणाली, "जे झालं ते झालं. विसरून जा आता."

"ही माफी आहे का हुकूम, ताई?" धाकटी म्हणाली. "बोललात ते चारचौघांत. आणि निस्तरायला मात्र माझ्या दारात, हळू आवाजात?"

दार बंद झालं. मला वाटलं, झालं, आता ही दारावर लाथ मारणार. पण काकू नुसती उभी राहिली. मी म्हटलं, "चल, घरी जाऊ."

"घरी कशाला? पाव तिकडे ठेवलाय मी," ती म्हणाली, आणि परत चर्चकडे निघाली.

आत सगळे कुजबुजत होते. काकू आपल्या बाकावर गेली नाही. थेट मेजापाशी जाऊन लोकांकडे तोंड करून उभी राहिली. मी पहिल्या बाकावर टेकले.

"सासूबाईंना पुरलं त्या दिवशी मी धाकटीबद्दल बोलले ते खोटं होतं," ती म्हणाली. "तिनेच सगळं केलं. मी तिथे नव्हतेच. बेकरीत जास्तीची पाळी मागून घेतली होती, कारण मला ते मरण बघवत नव्हतं. लाज माझी होती, ती मी तिच्या अंगावर टाकली. माझं चुकलं."

तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला, "ताई."

धाकटी तशीच ॲप्रनवर आली होती.

"पाणी मी पाजलं," ती म्हणाली, "पण आई हाक तुम्हाला मारत होत्या. मोठीला बोलवा म्हणायच्या, ती रागावेल पण येईल. मी दमले होते, मला राग आला की करते मी आणि हाक तुम्हाला. मी कोणाला पाठवलं नाही. आणि हे तुम्हाला कधी सांगायचंही नाही, असं ठरवून बसले होते."

देवा! काकांनी डोळेच मिटले. मीही बाकाची कड घट्ट धरली. आता ही फुटणार, आणि या वेळी तिचं चूक आहे असं कोणाला म्हणता येणार नव्हतं. आजी गेली तिथून बेकरी हाकेच्या अंतरावर होती.

काकूचा चेहरा लाल झाला. ओठ हलले. मग ती खाली, मेजाच्या पायरीवर, मटकन बसली.

"बोलावलं असतंस तरी मी आले नसते गं," ती म्हणाली. "घाबरले होते मी."

धाकटी बाकांच्या मधून चालत पुढे आली आणि तिच्या शेजारी पायरीवर बसली. "आज आलात ना माझ्या दारात," एवढंच म्हणाली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि मी तर त्यांच्याहून मोठ्याने. पाळकांनी घाई केली नाही. दोघी उठल्या, डोळे पुसून शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी पाव मोडला.