ज्याची गाठ त्याने मारायची

सगळी टोळी त्याला दाजी म्हणायची. खरा दाजी तो एकट्या मेहुण्याचा. पण मेहुणा दिवसभर गच्चीवरून "दाजी, सोडू का खाली? दाजी, बास का?" असं ओरडत राहायचा, आणि ऐकून ऐकून बाकीच्यांनीही तेच धरलं. "एवढे मेहुणे झाले, पण एक जण चहा पाजेल तर शपथ," दाजी म्हणायचा.

काम उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसायचं. दोराला टांगलेल्या फळीवर बसायचं, बाजूला भरलेली बादली. एका हाताने तोल धरायचा आणि दुसऱ्याने रबराची पट्टी वरून खाली एका दमात ओढायची. मध्येच थांबलं की रेघ राहते. रेघ राहिली की ती काच परत पुसायची, आणि खांद्याला ते कळतं. दाजीने मिसरूड फुटल्यापासून दुसरं काही केलं नव्हतं.

टोळीची रीत अशी, की लटकणाऱ्याने स्वतःच्या गाठीला हात लावायचा नाही. गाठ वरच्याने मारायची आणि काम संपेपर्यंत तिच्यापाशी बसून राहायचं. दाजी लटकायचा, मेहुणा वर बसायचा. दाजीने कधी गाठ मारली नव्हती. मेहुण्याने कठड्याबाहेर कधी पाय टाकला नव्हता. दोघांचं मिळून एक काम होत होतं आणि ते चोख होत होतं.

मग सरकारने परदेशी कंपन्यांना सफाईची, पहाऱ्याची, देखभालीची कामं घ्यायला मोकळीक दिली. टोळीला काम देणाऱ्या शेठने पेपरातली बातमी वाचून दाखवली तेव्हा सगळे हसले.

"विमानाने येऊन काचा पुसणार काय?"

"येता येता ढगही पुसत येतील."

हसू फार टिकलं नाही. एकेक उंच इमारत अशाच एका परदेशी कंपनीकडे गेली. शेठकडे एक शाळा आणि एक दवाखाना उरला, आणि दोन्हींच्या काचा जमिनीवर उभं राहून पुसता येत होत्या.

शेठने सगळ्यांना गोदामात बोलावलं. "त्यांना माणसं हवी आहेत. पगार माझ्यापेक्षा बरा आहे, खोटं कशाला बोलू? पण आधी परीक्षा. गच्चीवरून उतरून दाखवायचं."

"त्यात काय मोठं?" मेहुणा म्हणाला. "आमचे दाजी झोपेतही उतरतील."

"ऐक पुढे. त्यांच्यात वर कुणी बसत नाही. दोघंही लटकतात. माणशी दोन दोर, एक कामाचा, एक जिवाचा. दोन्ही गाठी ज्याच्या त्याने मारायच्या. जोडीदाराने नुसतं बघून ठीक किंवा नाही म्हणायचं. दुसऱ्याच्या दोराला हात लावला, तर दोघंही घरी."

दाजीने मेहुण्याकडे बघितलं. त्याचं तोंड उतरलेलं.

संध्याकाळी मेहुण्याने घरी येऊन शिकवणी सुरू केली. खिडकीच्या गजाला दोर बांधायचा, सोडायचा, पुन्हा बांधायचा. दाजीची बायको दारात उभी राहून बघत होती.

"अहो, बुटाची नाडी बांधता ना? तसंच समजा की."

"नाडी सुटली तर माणूस वाकून बांधतो. हे सुटलं तर वाकायलाही उरत नाही."

"मग आता मला लटकवून बघणार का?"

"ताई, तुला नको. गज वाकेल," मेहुणा म्हणाला आणि पाठीत एक धपाटा खाल्ला.

दाजीने गाठ मारली आणि अंग सैल सोडून दोराला लोंबकळला. गाठ सरकली. तो धपकन फरशीवर बसला. बायको खळखळून हसली, पण नवऱ्याचा चेहरा बघून तिचं हसू विरलं. दाजी फरशीकडे बघत होता. फरशीच्या जागी त्याला रस्ता दिसत होता.

परीक्षेच्या दिवशी गच्चीवर उन्हाने लाल झालेला परदेशी साहेब होता आणि त्याचं बोलणं समजावून सांगणारी एक मुलगी. दोर नवेकोरे, पट्टे जाडजूड, सामानाला नाव ठेवायला जागा नव्हती. दाजी बांधायला बसला. भरलेली बादली उचलताना ज्याला दम लागत नसे, त्याच्या तळहातांना नुसता दोर धरून घाम सुटला. बोटं दुसऱ्याच कुणाची असावीत तशी वागत होती.

मेहुणा वाकून बघू लागला. चुकून हात पुढे जाऊ नये म्हणून त्याने एका हाताने दुसऱ्याचं मनगट पाठीमागे घट्ट धरलं होतं. ठीक म्हण, दाजीने डोळ्यांनी विनवलं.

"नाही," मेहुणा म्हणाला. "जिवाच्या दोराचं टोक आखूड आहे. भार आला की सरकेल."

"घर बुडवशील माझं," दाजी पुटपुटला.

"बुडू दे. ताईला काय तोंड दाखवू मी?"

साहेब काहीतरी बोलला. "पुन्हा बांधा, घाई नाही," मुलीने सांगितलं.

दाजीने गाठ सोडली. पुन्हा मारली, टोक लांब ठेवलं, कठड्याला पाय लावून सगळ्या ताकदीने ओढून पाहिलं. मेहुणा या वेळी फार वेळ बघत राहिला.

"ठीक."

दाजी कठड्याबाहेर गेला. दोर ताणला, करकरला. आजवर कधी केलं नव्हतं ते त्याने केलं, मान वर करून गाठीकडे बघितलं. ती आवळत होती. तिने धरलं. भीती मात्र तशीच छातीवर बसून राहिली.

मग मेहुण्याची पाळी. त्याच्या गाठी बघून साहेबाने मान डोलावली. मेहुण्याने एक पाय बाहेर टाकला आणि तिथेच थिजला.

"दाजी."

"पाय भिंतीला लाव. खाली नको, माझ्याकडे बघ. गाठ पक्की आहे रे तुझी."

"गाठीची भीती नाही हो मला."

दाजीने हात वर केला. पोचला नाही. मेहुण्याने पाय आत घेतला.

"तुम्ही जा, दाजी. मी इथेच बसतो गाठीपाशी."

"बसता येणार नाही, काका," मुलगी हळूच म्हणाली. "तशी जागाच नाही कंपनीत."

कठडा रिकामा झाला. दाजीने पट्टी काचेवरून ओढली. रेघ राहिली. परत पुसली. पुसत पुसत तो जमिनीवर आला. "उद्यापासून या," लिफ्टने खाली आलेल्या मुलीने सांगितलं.

मेहुणा जिन्याने उतरून फुटपाथच्या कडेला बसला होता.

"घेतलं ना?"

"घेतलं. तुझं काय?"

"शेठची शाळा आहे की. तुम्ही माझं सोडा. टोक लांब ठेवत जा. दोन्ही दोर ओढून बघत जा."

"तूच येऊन बघ."

"मला सोडतील का आता वर?"

दाजी त्याच्या शेजारी कडेला टेकला. उद्या गच्चीवर कुणी अनोळखी जोडीदार शेजारी उभा राहील आणि ठीक म्हणेल. तो खरंच वाकून, नीट बघून म्हणेल, की लवकर उरकायचं म्हणून म्हणेल, हे दाजीला कठड्याबाहेर गेल्याशिवाय कळणार नव्हतं.