बाथरूममधली किरणबंदूक

आमच्या घरी अंघोळ करायची असेल तर आधी बंदुकीचा घोडा दाबावा लागतो. पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर ते अंगाला साबण लावून उभे राहतात आणि मग आतून हाका मारतात.

याचं मूळ आहे आमच्या बदलापूरच्या सोसायटीच्या वर्धापनदिनात. दर वर्षी वेशभूषा स्पर्धा असते, वयाची अट नाही. (अकलेचीही नाही.) आदल्या वर्षी मी राजा झालो होतो. मखमली पडदा, पुठ्ठ्याचा मुकुट, काय थाट! परीक्षकांनी मला 'उत्कृष्ट बँडवाला' म्हणून उत्तेजनार्थ पेन दिलं. ते पेन मी वर्षभर खिशात ठेवलं, अपमान विसरायला नको म्हणून. यंदा ठरवलं की लहानपणी व्हिडिओवर पाहिलेल्या सिनेमातला अंतराळवीर व्हायचं आणि त्याची किरणबंदूक हुबेहूब बनवायची. सिनेमाचं नाव सांगत नाही, आमच्या घरात ते उच्चारायला बंदी आहे.

इंटरनेटवर एका भल्या माणसानं सगळी कृती दिली होती. सिनेमावाल्यांनीसुद्धा म्हणे ती बंदूक नळाच्या सामानातूनच जुळवली होती! तोंडाला शॉवरची जाळी, पोटात बेसिनखालचा बॉटल ट्रॅप, नळीच्या जागी पाइप. मी आलेख-कागदावर मोजूनमापून चित्र काढलं आणि थेट उल्हासनगर गाठलं. तिथं मिळत नाही अशी वस्तू अजून जन्माला यायची आहे.

दुकानात गर्दी होती. शेठ सिंधी, गल्ल्यावर बसूनच हुकूम सोडत होते.

"बोलो साईं, क्या दूँ?"

मी आलेख-कागदावर चित्राखाली लिहिलेली यादी वाचली. तिसऱ्या वस्तूला शेठनं हात वर केला.

"लगाना किधर है?"

"असंच... लागतंय."

"ऐसे कैसे? किधर लगेगा वो मालूम पडेगा तो साइज देगा ना!"

माझ्या मागं दोन गवंडी आणि एक प्लंबर उभे. तिघंही माझ्या उत्तराची वाट बघत होते. पन्नाशीचा माणूस, सरकारी खात्यात वरिष्ठ लिपिक, डोक्यावर मोजके केस. 'किरणबंदूक बनवतोय' असं सांगायला मी तोंड उघडलं, आणि बाहेर आलं, "बाथरूम में!"

"अरे, तो पहले बोलो ना!" शेठनं माझ्या हातातला कागदच ओढून घेतला. बराच वेळ कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कागद परत दिला. "ठीक है. मोबाइल नंबर बोलो, बाकी माल घर भेजता हूँ." माझ्या मोबाइलची बॅटरी संपलेली. मी बायकोचा नंबर दिला. (इथं वाचकांनी कपाळावर हात मारून घ्यावा. मी तेव्हा मारला नाही.)

आता आमच्या बाथरूमबद्दल सांगतो. सुनीता, म्हणजे माझी बायको, ते नवीन करा म्हणून नऊ वर्षं माझ्या मागे लागली होती. दाराला कडी बसत नव्हती, म्हणून आतल्यानं मोठ्यानं गात राहायचं असा घरचा नियम. मला एकाच गाण्याचं एकच कडवं येतं, त्यामुळे माझी अंघोळ कायम अर्धवट. नळ गळायचा, त्याला जुन्या लेंग्याची नाडी बांधलेली. दर दिवाळीला मी म्हणायचो, "पुढच्या दिवाळीला नक्की!"

त्या संध्याकाळी घरी आलो तर बांगडे तळल्याचा वास. साधा बुधवार, आणि बांगडे! मी तिथंच सावध व्हायला हवं होतं.

"अहो, दुकानातून फोन आला होता," सुनीता म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "नऊ वर्षं बोलतेय मी. मला वाटायचं, यांच्या कानात काही जातच नाही. टाइल कुठली हवी विचारत होते. मी आकाशी सांगितली."

कुणी मर्द असता तर त्यानं तिथल्या तिथं खरं सांगून टाकलं असतं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिला इतकं खुशीत मी कधी पाहिलं होतं, तेच आठवेना. मला स्वतःची लाज वाटली. मी बांगड्याचा तुकडा मोडला आणि म्हणालो, "आकाशी छानच दिसेल."

पण बंदुकीचा नादही सुटेना! तिला ॲल्युमिनियमची एक खाचांची रिंग लागत होती. माझा मेहुणा सुधीर अंबरनाथला एमआयडीसीत लेथवर आहे. त्याच्याकडे गेलो.

"भाऊजी, रिंग कशाची?"

"बाथरूमची." (आता मला सवयच लागली होती.)

"मग खाचा कशाला?"

"ओल्या हातानं... सटकू नये म्हणून."

सुधीरनं माझ्याकडे असं बघितलं की लग्नानंतर पहिल्यांदाच त्या घरात कुणीतरी मला हुशार समजलं. शनिवारी रिंग घेऊन स्वारी घरी हजर, सोबत वांगणीहून सासूबाई! "ताई, भाऊजींनी स्पेशल डिझाइन केलंय बरं का!" आजवर माझा उल्लेख 'तुझा तो' असा करणाऱ्या सासूबाई चक्क म्हणाल्या, "जावईबापू, कधी बोलला नाहीत!" मीही बोललो नाही. काय बोलणार? घरात कसला कार्यक्रम चाललाय हे मलाच नीट कळेनासं झालं होतं.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात बदलापूर गावातला मधू प्लंबर, हातात घण, मागं टेम्पोत आकाशी टाइल.

"शेठनं पाठवलं. तोडू का साहेब?"

"काय तोडतोस?"

"बाथरूम!"

"अरे थांब, थांब, एक मिनिट—"

"तोड रे तोड!" आतून सुनीता आणि सासूबाई एका सुरात ओरडल्या. पहिला घण पडला आणि आमच्या नाडीवाल्या नळानं राम म्हटला.

आवाज ऐकून सेक्रेटरी गावडे आले. "परवानगी कुठाय? ड्रॉइंग दाखवा!" मी 'ड्रॉइंग नाही' म्हणेपर्यंत सुनीतानं माझ्या कपाटातून तो आलेख-कागद काढून त्यांच्या हातात दिला. गावडेंनी कागद उभा धरला, आडवा धरला, उलटा करून पाहिला. पण 'मला कळत नाही' म्हणणं त्यांच्या रक्तातच नाही. "हं, ठीक आहे," म्हणत त्यांनी सही ठोकली!

मग मधू कागदावर वाकला. "साहेब, इथनं पाणी येणार, या पोटातनं फिरणार, जाळीतनं पडणार. बरोबर? आणि हा घोडा?"

"तो... दाबायचा."

"दाबल्यावर पाणी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. त्या गर्दीत मी काय सांगणार, किरण?

"हो," मी म्हणालो. "पाणी."

मधूनं खुशीनं मान डोलावली आणि जिवापाड जपलेल्या माझ्या बंदुकीचं सगळं सामान, सुधीरच्या रिंगेसकट, भिंतीत बसवून टाकलं. वरून सिमेंट!

स्पर्धेच्या दिवशी अंगात चंदेरी सूट होता, डोक्यावर हेल्मेट होतं, हात मात्र रिकामे. बिनबंदुकीचा अंतराळवीर म्हणजे नुसता फॉइलमध्ये गुंडाळलेला माणूस. निघताना मधूचा विसरलेला पाइप पाना दिसला, तोच उचलला. स्टेजवर डोळे वटारले, पाना रोखला, तोंडानं 'झुंईं' असा आवाज काढला. परीक्षकांनी निकाल वाचला, "द्वितीय क्रमांक, उत्कृष्ट प्लंबर!" सगळ्यात जोरात टाळ्या बघायला आलेल्या मधूनं वाजवल्या.

घरी येऊन मी खुर्चीत बसलो आणि सुनीताला सगळं खरं सांगून टाकलं. बंदूक, खोटं, बांगडे, सगळं.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"पहिल्याच फोनला शेठनं विचारलं, 'मॅडम, साहब बाथरूम बोलता है, पर कागज पे तो बंदूक है. क्या भेजूँ?' मी म्हटलं, बाथरूम भेजो!"

"अगं, मग ते डोळ्यांतलं पाणी?"

"ते खरंच होतं हो. नऊ वर्षांनी बाथरूम होणार होतं. मला माहीत होतं, तुम्हालाच नव्हतं."

"आणि माझं चित्र कपाटातून का काढून दिलंस?"

"म्हटलं, तुमचीही हौस राहायला नको."

मी उठलो, आकाशी बाथरूममध्ये गेलो, कडी लावली (लागली!) आणि न गाता घोडा दाबला. पाणी झकास आलं.

म्हणजे शेठला माहीत होतं, बायकोला माहीत होतं, सासूबाईंनाही म्हणे माहीत होतं. मी काय बनवतोय ते त्या सगळ्या भानगडीत फक्त एका माणसाला माहीत नव्हतं, आणि नेमकं त्यालाच प्लंबरचं बक्षीस मिळालं!