कीर्तिमुखाचे डोळे

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवाला नाही — देवाच्या तर दारातच केलं, त्याला वेगळं काय सांगायचं?

मी हात उचलणारी बाई आहे. कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत होतो तेव्हा पोळी करपली तरी लाटणं भिंतीवर फेकायची. पोरांना बदडलं, भांडी आपटली. शेजारणी म्हणायच्या, हिचा राग हिच्या नाकावर. नवरा रिटायर झाला, आम्ही नागपुरात राहायला आलो, माझं बीपी वाढलं — म्हणून मुलीनं मला रविवारच्या चित्रकलेच्या वर्गात घातलं. जलरंगानं डोकं शांत होतं म्हणे. शांत! बाप्पा!

एकटी कशी जाऊ, म्हणून शेजारच्या सुषमाला ओढून नेलं. हळू बोलणारी, साधी बाई. माहेरी उमरेडला माग होते, पण हिनं कधी ब्रश धरलेला नव्हता. कसा धरायचा ते पहिल्या दिवशी मीच दाखवलं. मीच!

सर आम्हाला जुन्या नागपुरातल्या महाल भागात न्यायचे — जुन्या कमानी, दगडातल्या वेली, कोरलेले मोर काढायला. त्या हिवाळ्यात एका देवळाच्या दारावरचं कीर्तिमुख काढत होतो. राक्षसाचं तोंड ते. वटारलेले डोळे, बाहेर आलेले सुळे, खालचा जबडाच नाही. कितीतरी रविवार मी त्याच्यावर खपले. आणि सर वाकून बघतात काय, म्हणतात काय — "ताई, हे त मांजर होऊन राहिलं!" सगळे हसले. सुषमाही हसली. पदर तोंडाला लावून, पण हसली.

मग सगळे टपरीवर चहाला गेले. आम्ही दोघीच उरलो. आणि तिनं — काहून केलं असेल तिनं? — "थांब वं, हे पाह्य," म्हणत माझ्या कागदावर वाकून आपल्या ब्रशनं गडद रंगाचे दोन फटकारे मारले. दोन डोळ्यांत दोन. न विचारता. जलरंग तो, एकदा बसला की बसला. आणि मांजराचा राक्षस झाला. माझ्याकडे बघायला लागला. तिचं चुकलं असतं ना, तर मी सोडून दिलं असतं. बरोबर आलं, तेच सहन झालं नाही.

ती वळली. दारावरचे सुळे नीट दिसावेत म्हणून प्लास्टिकच्या स्टुलावर चढली, चवड्यांवर उभी राहिली. पाठ माझ्याकडे.

धक्का लागला म्हणू? तिचा तोल गेला म्हणू? नाही. मी लाथ मारली. होती नव्हती ती ताकद लावून, स्टुलाच्या पायावर. ती पायरीच्या दगडावर उजव्या हातावर आदळली आणि मनगटाचा आवाज आला — वाळलेली तुराटी मोडावी तसा. ओठ फुटला, पायरीवर रक्त सांडलं. खरं सांगू? मला बरं वाटलं. अजून एक घालावीशी वाटली.

पण लपवलं ते हे नाही. राग तर माझा साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. लपवलं ते पुढचं. ती पालथी पडून कण्हत होती, "माय वं, माय वं" — आणि मी तिला उचललं नाही. आधी स्टूल आडवं केलं. त्याच्या एका पायावर टाच ठेवली आणि दाबत राहिले, तो कडकन मोडेपर्यंत. मग किंचाळले — धावा हो, स्टूल मोडलं! तेव्हा डोकं कसं थंडगार होतं माझं.

सगळ्यांनी स्टुलाला शिव्या घातल्या. मी तिला रिक्षात मांडीवर घेऊन दवाखान्यात नेलं, महिनाभर डबा पुरवला. गल्लीत माझं नाव झालं — सख्खी बहीण करणार नाही एवढं केलं हिनं! मी ते ऐकून घेतलं. मान खाली घालून, थोडं हसून. मनगट वाकडंच बसलं. तिला आता ब्रश पेलत नाही, पोळीसुद्धा डाव्या हातानं उलटते.

चित्र वर्गाच्या प्रदर्शनात लागलं, माझ्या नावानं. लोक म्हणाले, डोळे काय जिवंत आहेत! आता ते माझ्या बैठकीत टांगलेलं आहे. पाहुणे आले की सुषमाच दाखवते, हिनं काढलं म्हणून. ते दोन फटकारे आपले, हे ती कधी बोलली नाही. मीही नाही.

वर्गाला ती अजून येते. माझ्यासाठी पाणी भरून आणते, कागदावर ऊन आलं की छत्री धरते. तिला माहीत आहे का? तिनं खाली पडल्यावर तो कडकन आवाज ऐकला असेल का? मी कधी विचारलं नाही. हिंमतच नाही माझी.

गेल्या रविवारी एका कमानीवरचा मोर मला नीट दिसेना. मी स्टूल मागितलं. सुषमानं आणलं. उलटं करून चारही पाय दाबून पाहिले, एकेक करून. मग खाली बसली, डाव्या हातानं स्टूल घट्ट धरलं आणि म्हणाली, "चढ वं. मी धरून राहिली."

मी चढले.