विचारल्याशिवाय आउट नाही

माझे सासरे हे या पृथ्वीतलावर उरलेले शेवटचे निःपक्षपाती गृहस्थ आहेत, आणि त्यांच्या निःपक्षपातीपणाचा सगळ्यात जास्त फटका मला बसलेला आहे. नागपूरला वीज मंडळात नोकरी करता करता त्यांनी उभं आयुष्य क्लबांच्या मॅचेसना अंपायरिंग केलं. मंडळातून ते रिटायर झाले, अंपायरिंगमधून मात्र झाले नाहीत. सासूबाई गेल्यानंतर पहिल्यांदाच ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे कॅरी गावात आले, तेव्हा अमेरिकेत पाऊल टाकताक्षणीच त्यांनी चुणूक दाखवली. विमानतळावरच्या ऑफिसरनं सवयीनं विचारलं, काही बिया वगैरे आणल्यात का? कुठलाही शहाणा माणूस 'नो सर' म्हणून पुढे सटकतो. बाबा म्हणाले, "येस सर. सिक्स." आणि खिशातून सहा चिंचोके काढून टेबलावर ओळीनं मांडले. ओव्हरमधला एकेक चेंडू पडला की ते एकेक चिंचोका या खिशातून त्या खिशात टाकत, म्हणून सहा. चिंचोके जप्त झाले, आम्ही बाहेर ताटकळून अर्धमेले झालो, आणि बाबा आले ते त्या ऑफिसरवर जाम खूश होऊन. "नियमाचा पक्का माणूस आहे जी," ते म्हणाले. मग चिंचोक्यांच्या जागी त्यांनी आमच्या लेकीचे, ईराचे, सहा प्लास्टिकचे ठोकळे खिशात घातले.

घरातही त्यांची ड्यूटी चालूच असे. मंजिरीची, म्हणजे माझ्या बायकोची, पोळी ताटाबाहेर लोंबायला लागली की ते दोन्ही हात आडवे पसरून वाइड देत. आमचं दोघांचं वाजायला लागलं की मनगटं एकमेकांवरून फिरवून डेड बॉल जाहीर करत, आणि गंमत म्हणजे भांडण खरंच थांबे. गाडीतून जाताना चार रस्त्यांवरची 'स्टॉप'ची पाटी आली की त्यांना अगदी भरून येई. "पाहा, पोलीस नाही, सिग्नल नाही, तरी जो आधी आला तो आधी चालला!" आणि मी जरा पुढे घुसायला बघितलं, की मागून आवाज येई, "जावईबापू, त्यांचा नंबर आहे. थांबा."

हे सगळं असलं तरी बाबांना इथं करमत नाही, असं आम्ही दोघांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. इथं ना पानाचा ठेला, ना दुपारी गप्पा मारायला शेजारी. मंजिरी रोज माझ्याजवळ रडे, "परत गेल्यावर त्या रिकाम्या घरात एकटे कसे राहतील रे?" मी म्हणे, "मग विचार ना, इथंच राहता का म्हणून." ती म्हणे, "नको. भिडेखातर हो म्हणतील आणि मनातल्या मनात कुढतील." झालं! परतीचं तिकीट होतं ऑक्टोबरातल्या एका सोमवारचं, आणि त्याच्या आदल्या शनिवारी आमच्या काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, मॅच होती.

आमच्या काउंटीची टीम म्हणजे काय वर्णावी! अकराच्या अकरा आयटीतले. शेजारच्या काउंटीशी दरवर्षी वीस ओव्हर्सची एक मॅच व्हायची आणि दरवर्षी आम्ही ती इमानेइतबारे हरायचो. यंदाही आमचा लाँगऑनवाला ऑन-कॉल होता. त्याच्याकडे कॅच उडाला तेव्हा साहेब कानाला फोन लावून कुणाचा तरी सर्व्हर वर आणत होते. तरीसुद्धा आम्ही त्यांना एकशे बत्तीसमध्ये रोखलं, हा चमत्कारच.

आता या लीगची पद्धत अशी, की बॅटिंग करणाऱ्या टीमनंच अंपायर द्यायचा. त्यामुळे जगात सगळीकडे अंपायर आपल्या माणसांना सांभाळून घेतात. आमच्याकडे बाबा! आधीच्या एका मॅचमध्ये त्यांनी मला पहिल्याच चेंडूवर एलबीडब्ल्यू दिलं होतं. ईरा बाउंड्रीवरून किंचाळली होती, "आजोबा, दॅट्स सो अनफेअर!" म्हणून आमच्या कॅप्टननं, पुण्याच्या सुमितनं, या वेळी हळूच सुचवलं, "काका, आज तुम्ही सावलीत बसा ना यार, ऊन फार आहे." पण समोरच्या टीमनं साफ सांगितलं, पांढऱ्या टोपीवाले अंकल उभे राहणार असतील तरच आम्ही खेळणार.

शेवटच्या दोन चेंडूंत पाच रन हवे होते आणि बॅटिंगला मी. देवा रे! चेंडू आला, मी बॅट फिरवली, 'टक' असा बारीकसा आवाज झाला. मला वाटलं, बॅट जमिनीला घासली. बोलरनं डोक्याला हात लावला, कीपरनं हातात आलेला चेंडू परत फेकला, कुणी चकार शब्द काढला नाही. मी बाबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा झाला होता. पुढच्या चेंडूला मी डोळे मिटले आणि बॅट घुमवली. सिक्स! आम्ही जिंकलो. सुमितनं मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि त्याची कंबर धरली.

घरी जाताना गाडीत बाबांनी खिशातले ठोकळे दोनदा मोजले. मग म्हणाले, "जावईबापू, त्या सिक्सच्या आधीच्या बॉलला तुमच्या बॅटचा कट लागला होता."

"काय सांगता! मग तुम्ही आउट का नाही दिलंत?"

"त्यांनी अपील कुठं केलं? पुढच्या बॉलसाठी बोलर धावायला लागायच्या आत विचारावं लागते. पंचाला सगळं माहीत असते, पण विचारल्याशिवाय तो बोलत नसतो."

सोमवारी जवळच्या रॅलेच्या विमानतळावर मंजिरीनं त्यांना सगळं विचारलं. गोळ्या घेतल्या का, शाल वरच आहे ना, डबा कुठे ठेवलात. बाबा मान हलवत होते, आणि त्यांचा चेहरा पुन्हा तसाच झाला होता, दाढ दुखत असल्यासारखा. सिक्युरिटीच्या लाइनीत ते चार पावलं पुढे गेले आणि माझ्या टाळक्यात एकदम उजेड पडला. अरे, या माणसाला आपण विचारलंय कुठे!

मी लाज सोडून ओरडलो, "बाबा! हाउज दॅट?"

सगळी लाइन वळली. बाबाही वळले.

"आमच्याकडेच राहता का? कायमचे?"

मंजिरीनं माझा दंड घट्ट धरला. बाबांनी टोपी नीट केली. "अपील फार उशिरा आलं, जावईबापू."

"उशिरा कसं? अजून विमानात कुठे बसलात? पुढचा चेंडू पडलेला नाही!"

त्यांनी मागे वळून सिक्युरिटीच्या पट्ट्याकडे बघितलं, पुन्हा आमच्याकडे बघितलं. "बरोबर आहे," ते म्हणाले, "वेळेत आहे." मग हळूच म्हणाले, "घर बंद करून येतो. तिच्या फोटोला इथं एक भिंत काढून ठेवा."

आणि त्यांनी बोट वर केलं. या बोटानं मला किती वेळा मैदानाबाहेर धाडलं होतं! मंजिरी एकाच वेळी हसत आणि रडत होती. लाइन पुढे सरकली, तसे बाबाही सरकले, पण हात खाली घ्यायचं काही त्यांना सुचलं नाही. लाइनीतल्या डोक्यांवरून ते बोट आम्हाला बराच वेळ दिसत राहिलं.